तीन भाकरी, पाहुण्यासाठी

लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू एक दाखला सांगतो. मध्यरात्र झालेली. एका माणसाकडे प्रवासातला मित्र अचानक येऊन ठेपतो आणि त्याच्यापुढे ठेवायला घरात काही नसते. तो शेजारच्या मित्राचे दार ठोठावतो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. आतला माणूस वैतागतो. दार लावले आहे, पोरे माझ्याजवळ निजली आहेत, आता उठवत नाही. त्या काळी पॅलेस्टाईनमधल्या गरिबाचे घर म्हणजे एक खोली. सगळे कुटुंब तिथेच आडवे होई. अडसर काढायचा म्हटला की घरातले सगळे जागे. तरी बाहेरचा हटत नाही. मैत्रीखातर नाही, तरी त्याच्या या निलाजऱ्या आग्रहाखातर आतला उठेल आणि हवे तितके देईल, असे येशू सांगतो.

ख्रिस्ती माणसाने धीटपणे आणि चिकाटीने प्रार्थना करावी, या विषयावर दोन हजार वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यातले बरेचसे या दाखल्यापाशी आणि त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेपाशी येऊन पोहोचते. किती वेळा मागावे, किती जोर लावावा, मिळाले नाही तर काय समजावे, याचा खल पुष्कळ झाला. पण दाराबाहेरचा माणूस भाकरी स्वतःसाठी मागत नाही, ही गोष्ट उपदेशांत बहुधा निसटून जाते. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि या विषयाचा सगळा इतिहास मी तिच्या उजेडात वाचतो.

पवित्र शास्त्रातले धीट प्रार्थना करणारे आठवून पाहावेत. अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर शहर वाचवशील का, इथून सुरुवात. मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस आणि शेवटी दहा. राग मानू नकोस म्हणत म्हणत तो आकडा खाली आणतोच. सदोमात त्याचा पुतण्या आहे हे खरे, पण घासाघीस चालली आहे ती अख्ख्या शहरासाठी. मोशेची गोष्ट याहून रोखठोक. लोकांनी सोन्याचे वासरू केल्यावर देव त्याला म्हणतो, मला अडवू नकोस, यांचा नाश करतो आणि तुझेच मोठे राष्ट्र करतो. माणसे ज्यासाठी आयुष्यभर नवस करतात ते इथे न मागता पदरात पडत होते. मोशेने ते घेतले नाही. पुढे तर, यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक, इथवर तो गेला. कनानी बाई आली ती मुलीसाठी. शिष्यांना तिची कटकट वाटते. येशू आधी गप्प राहतो, मग नकार देतो, मग मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे असे कठोर बोलतो. ती तोच शब्द झेलून आपली बाजू मांडते आणि मुलीला बरे करून घेऊनच परतते.

याला अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हन्नाला स्वतःच्या पोटी मूल हवे होते. शिलोच्या मंदिरात तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता, आणि एली याजकाला वाटले बाई प्यायली आहे. आंधळ्या बार्तीमयाला आपली दृष्टी हवी होती. लोक गप्प बस म्हणाले तसा तो आणखी मोठ्याने ओरडला. स्वतःच्या दुःखासाठी हाक मारणे कमी प्रतीचे, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही, आणि ज्याला कुणीच वाली नाही त्याने दुसरे काय करावे? अठराव्या अध्यायातली विधवाही आपल्याच दाव्यासाठी न्यायाधीशाकडे खेटे घालते. पण ती मागते तो न्याय. तिच्याकडे लाच द्यायला पैसा नाही, बाजूने बोलणारा पुरुष नाही. विधवा, अनाथ आणि परका यांना नाडू नये, असे मोशेच्या नियमशास्त्राने बजावलेले, आणि हा न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची भीड धरत नाही. पुन्हा पुन्हा येणे एवढेच हत्यार तिच्या हाती आहे. हा दाखला पुष्कळदा उलटा वाचला जातो, जणू देवच तो कंटाळलेला न्यायाधीश आहे आणि त्याला दमवायचे आहे. येशूचे म्हणणे नेमके विरुद्ध: असला माणूसही शेवटी नमतो, मग तुमचा बाप तर बाप आहे.

मग त्या बापाला सगळे ठाऊक असताना सांगायचे तरी कशाला? हा प्रश्न फार जुना आहे. इ.स. २३३ च्या सुमारास ओरिजेनने प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला तोच मुळी हा आक्षेप त्याच्याकडे पाठवला गेला म्हणून. ४१२ च्या आसपास ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेला लांब पत्र लिहिले. ४१० साली गॉथांनी रोम लुटल्यावर ती आफ्रिकेत आश्रयाला आलेली होती. ऑगस्टीनचे उत्तर असे की, देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण मागत नाही. मागता मागता आपली इच्छा वाढते, आणि तो देऊ पाहतो ते घ्यायला मन मोठे लागते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आणखी एक पाऊल टाकले. देवाचा बेत बदलण्यासाठी प्रार्थना नसतेच. काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात असे त्याने आधीच ठरवलेले असते, त्या मिळवण्यासाठी ती असते.

अक्वायनसचे हे उत्तर तर्काला पटते, पण मध्यरात्रीचा तो ठोठावणारा त्यात ऐकू येत नाही. तो ऐकू येतो पी. टी. फोर्साइथ या स्कॉटिश धर्मचिंतकाच्या लिखाणात. १९१६ साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, प्रार्थनेवरचे त्याचे छोटे पुस्तक आले. प्रत्येक आपत्तीला देवाची इच्छा म्हणून मान तुकवणे म्हणजे भक्ती, हे त्याला मान्य नव्हते. रोग, दारिद्र्य, अन्याय यांच्याशी झगडावे अशीच देवाची इच्छा असू शकते, आणि प्रार्थनेत देवाशी झोंबणे हाही त्याच्या आज्ञेत राहण्याचा एक प्रकार आहे, असे तो मांडतो. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. विठ्ठलाशी भांडणारे, त्याच्यावर रुसणारे तुकोबा आणि जनाबाई आपल्या कानात आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक म्हणत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीला अभंगाच्या चालीवर गायला लावले, आणि त्याबरोबर देवाशी लडिवाळपणे हट्ट धरण्याची रीतही आत आली.

चिकाटीची गोष्ट निघाली की मोनिकेचे नाव येतेच. मुलगा ऑगस्टीन मानी पंथाच्या नादी लागला, आणि ही वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडत प्रार्थना करत राहिली. एका बिशपाच्या मागे तिने असा लकडा लावला की कंटाळून त्याने तिला, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, अशा अर्थाचे सांगितले. हे सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो कार्थेजच्या बंदरावरचा प्रसंग. ३८३ साली ऑगस्टीन रोमला जायला निघाला. आई सोडेना. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्याने तिला समुद्राजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थानात रात्र काढायला लावले आणि रात्रीच गलबत हाकारले. ती आत त्याला जाऊ देऊ नकोस म्हणून प्रार्थना करत होती. सकाळी किनारा रिकामा. पण त्या प्रवासातूनच तो पुढे मिलानला, तिथल्या बिशप अँब्रोजपाशी पोहोचला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. तिच्या जन्मभराच्या मागणीसाठी देवाने तिची त्या रात्रीची मागणी नाकारली, असा अर्थ ऑगस्टीनने नंतर लावला. हा अर्थ मागाहून लागतो, हे मात्र विसरू नये. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला कुणी तो सांगितला असता तर ते क्रौर्य झाले असते.

एकच मागणे पुन्हा पुन्हा करण्यावर प्रोटेस्टंट लोकांचा जुना आक्षेप आहे. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, ही डोंगरावरील प्रवचनातली ताकीद ते पुढे करतात. पण गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. तेव्हा दोष पुनरुक्तीत नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालतो. सलग नऊ बुधवार धरणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, तान्हे बाळ विकायला असते. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते तो आत नेऊन वाहतो. याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या मंडळ्यांत एकवीस दिवसांची उपवास प्रार्थना, रात्रभराची प्रार्थना, तासातासाने माणसे बदलणारी साखळी प्रार्थना चालतेच. आकडा तिथेही आहे. आकड्याने माणूस टिकून राहत असेल तर तो चांगला. आकडा पुरा केला, आता देव बांधला गेला, असे वाटू लागले की मग ताकीद लागू होते, मेणबत्ती असो वा नसो.

एकोणिसाव्या शतकात या विषयाला सगळ्यांत मोठे उदाहरण मिळाले ते ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे. १८३६ साली त्याने भाड्याच्या घरात अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. पुढे अ‍ॅशली डाउनच्या माळावर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय होती, आणि १८९८ साली तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुले तिथून वाढून गेली. कुणापाशी पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाजवळ मागायचे, हा त्याचा नेम. तो दरवर्षी हिशेबासह अहवाल छापून वाटत असे, आणि तो अहवाल हीच विनंती नव्हती का, असे टीकाकार विचारत. प्रश्न रास्त आहे. पण मुलांच्या ताटात पडलेले अन्न त्याने खोटे ठरत नाही.

म्युलरचे चरित्र वाचून हलून गेलेल्यांत पंडिता रमाबाई होत्या. आपल्या साक्षीत त्यांनी त्याचा आणि चीनमधल्या मिशनच्या कथेचा उल्लेख केला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, टाकलेल्या मुली केडगावला आणल्या. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या त्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या तोंडांची संख्या हजाराच्या बरीच पुढे गेली. इतक्या माणसांचे धान्य, कपडे, विहिरींचे पाणी, आणि ठरलेले उत्पन्न जवळजवळ नाही. म्हणजे रमाबाईंची रोजची प्रार्थना अक्षरशः भाकरीची होती, आणि ती दाराशी आलेल्यांसाठी होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज प्रार्थनेसाठी एक गट जमवला. सुरुवातीला सत्तरएक जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. भारतातल्या ख्रिस्ती लोकांत नवे जीवन यावे, ही त्यांची मागणी. जूनच्या अखेरीस मुक्तीत जी आध्यात्मिक जागृती झाली ती जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासांत नोंदली गेली आहे. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापे कबूल करत. ज्यांना आयुष्यात कुणी बोलू दिले नव्हते, त्या आता स्वर्गाकडे तोंड करून ओरडत होत्या. धीटपणाचा याहून शब्दशः अर्थ मला माहीत नाही.

त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, मुक्तीचे काम पुढे चालवील अशी सगळ्यांची आशा, जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मार्टिन लूथरचेही असेच. १५४० साली त्याचा सहकारी मेलांख्थोन वायमार इथे मरणाच्या दारी होता. लूथरने देवाला त्याचीच वचने ऐकवत प्रार्थना केली; ती आता पाळली नाहीस तर तुझ्यावर विश्वास कसा ठेवू, असा तिचा रोख होता. मेलांख्थोन वाचला आणि लूथर ते मोठ्या अभिमानाने सांगे. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १५४२ मध्ये, त्याची तेरा वर्षांची माग्दालेना त्याच्या हातांत गेली. प्रार्थना करणारा तोच, धीटपणा तोच.

या ठिकाणी येऊन अडखळत नाही असा आढावा प्रामाणिक नव्हे. दावीदाने मुलासाठी सात दिवस उपास केला, मूल वाचले नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवले; काटा राहिला, कृपा पुरे असे उत्तर आले. बागेतला प्याला टळला नाही. इंग्रज लेखक सी. एस. लुईस याने १९५३ साली ऑक्सफर्डच्या पाळकांपुढे निबंध वाचला, त्यात हा पेच उघडा मांडला. एकीकडे तुझी इच्छा होवो म्हणायला शिकवले आहे, दुसरीकडे जे मागाल ते मिळालेच असा विश्वास धरा असेही सांगितले आहे. मग आज रात्री मी कशी प्रार्थना करू? त्याने उत्तर दिले नाही, उलट पाळकांनाच विचारले. १९५७ मध्ये हॉस्पिटलच्या खाटेवर कॅन्सरने खिळलेल्या जॉयशी त्याचे लग्न लागले. पाळकाने तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिला आश्चर्यकारक उतार पडला, आणि १९६० साली ती गेली. नंतर टोपणनावाने छापलेल्या शोकाच्या वहीत, देवाचे दार आपल्या तोंडावर बंद झाल्यासारखे वाटते, असे त्याने लिहून ठेवले. ते पुस्तक आज दुःखात असलेल्या विश्वासू माणसांच्या हाती दिले जाते, ते बरेच आहे.

मोजमापाचेही प्रयत्न झाले. १८७२ साली फ्रान्सिस गॉल्टनने दाखवले की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी देशभर प्रार्थना होते ते राजे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगत नाहीत. २००६ साली अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. प्रार्थना होणार हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिलेले, शब्दही ठरवून दिलेले. ज्याच्या उशाशी बसलो नाही, ज्याचा पाहुणचार करायची वेळ आली नाही, त्याच्यासाठी दार ठोठावणे ते हेच का, असा प्रश्न मला पडतो. तरी हा अभ्यास झटकून टाकू नये. प्रार्थना म्हणजे अमुक केले की तमुक मिळते असा नियम आहे, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

असे सांगणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत केनेथ हेगिन आणि त्याच्यामागून आलेल्या उपदेशकांनी मार्क ११ मधले वचन धरून जी शिकवण पसरवली, ती आता आपल्या गावोगावच्या सभांतही ऐकू येते. विश्वासाने बोला, दावा करा, मिळालेच समजा. देवापुढे धीट व्हायला सांगणाऱ्या या शिकवणीचा धीटपणा प्रत्यक्षात आजाऱ्यावर चालवला जातो. बरे झाला नाहीस, म्हणजे तुझा विश्वास कमी. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ईयोबावर नाही. ईयोब तर अख्ख्या पुस्तकभर देवाला जाब विचारत होता. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे अशीच विलापाची आहेत, आणि ८८ वे तर अंधाराच्या शब्दावरच संपते, आशेची ओळ न जोडता. मराठी मंडळ्यांत त्याचे जाहीर वाचन जवळजवळ होत नाही. दफनविधीत तरी ते वाचले जावे असे मला कळकळीने वाटते. साक्ष देण्याच्या वेळी उत्तर मिळालेलेच उठून बोलतात. ज्यांना मिळाले नाही आणि जे तरीही दर रविवारी येतात, त्यांची चिकाटी कुणी साक्ष म्हणून ऐकत नाही.

विधवेची न्यायाची मागणी मात्र विसाव्या शतकात काही ठिकाणी पुन्हा ऐकू आली. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना होई. कित्येक सोमवारी मूठभर माणसे असत. सात वर्षे ती बंद पडली नाही. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे सत्तर हजार लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. शस्त्रे घेऊन सज्ज असलेल्या पोलिसांनी गोळी झाडली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. हे प्रार्थनेमुळेच झाले असे सिद्ध करता येणार नाही. राजकारण, अर्थकारण, मॉस्कोतले बदल, सगळे होते. पण ती माणसे रस्त्यावर आली ती त्या दारातून, आणि ते दार सात वर्षे उघडे ठेवले होते.

आपल्याकडेही अशी एक मागणी उभी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अहमदनगर-मराठवाड्यातली कितीतरी ख्रिस्ती घराणी पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्त्यांतली आहेत. गाव जात विसरले नाही, कागदाने मात्र ती पुसली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. आयोग नेमले गेले, तारखा पडत राहिल्या. १० ऑगस्ट, त्या आदेशाचा दिवस, अनेक चर्च निषेधाचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळतात. न्यायाधीशाच्या दारी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला दलित ख्रिस्ती माणसांना समजावून सांगावा लागत नाही. पण ज्या मंडळ्यांना या आदेशाची झळ लागत नाही, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रार्थना-विनंत्यांत व्हिसा, परीक्षा, ऑपरेशन, फ्लॅटचे कर्ज हे सगळे येते, आणि ते यावेही. १० ऑगस्टची विनंती तिथे मला क्वचितच दिसते. ती पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.